पेट्रोल न घेतल्याने भाव उतरतो का? आपल्या सीमाभागाचा जमाखर्च



पेट्रोलचा भाव वाढला की आपल्या सगळ्यांच्या फोनवर एक निरोप हमखास फिरतो. "अमुक तारखेला कोणीही पेट्रोल घेऊ नका. सगळ्यांनी एक दिवस बहिष्कार टाकला तर कंपन्यांना कोट्यवधींचा फटका बसेल आणि भाव खाली येईल." खाली हात जोडलेले, तिरंगा, आणि "दहा जणांना पाठवा". जनवाडा, भालकी, उदगीर, पुणे, सगळीकडून आपल्याच माणसांकडून हा निरोप येतो. पाठवणाऱ्याची कळकळ खोटी नसते. भाव वाढला की शेतकऱ्याचा ट्रॅक्टर, पोरांची कॉलेजची गाडी, भाजी आणणारा टेम्पो, सगळंच महागतं.

पण मी पडलो वाणिज्य शाखेचा, आणि आयुष्य गेलं बँकेत जमा-नावे जुळवण्यात. कळकळ एका बाजूला ठेवून हिशेब बघायची सवय लागली आहे. म्हणून आज या बहिष्काराचा जमाखर्च मांडतो. नुसत्या आकड्यांचा नाही, इतिहासाचाही. कारण बिदर आणि कलबुर्गीच्या आपल्या पट्ट्याने जकात, नाकेबंदी, बहिष्कार आणि तीन राज्यांचे तीन भाव हे सगळं जवळून पाहिलं आहे.

आधी साधा हिशेब. समजा तुमच्या स्कूटरला महिन्याला तीस लिटर पेट्रोल लागतं. ते तुम्ही सोमवारी भरलं काय आणि मंगळवारी भरलं काय, महिन्याचे लिटर तीसच. एक दिवस न घेतलेलं पेट्रोल आदल्या संध्याकाळी तरी घेतलं जातं, नाहीतर दुसऱ्या सकाळी. बँकेत असताना पंपांच्या खात्यांचा भरणा रोज डोळ्यांखालून जायचा. बंदच्या दिवशी भरणा नाही, आणि दुसऱ्या दिवशी जवळजवळ दोन दिवसांची रक्कम एकदम. वह्या कधी खोटं बोलत नाहीत. अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला अलवचीक मागणी म्हणतात. मिठाचं जसं, तसं पेट्रोलचं. महाग झालं म्हणून गरज संपत नाही.

मग एक दिवसाचा फटका बसतो कोणाला? पंपवाल्याला. तेल कंपनी त्याला सहसा उधारीवर टँकर देत नाही, पैसे आधी भरावे लागतात. पूर्वी डिमांड ड्राफ्ट काढत, आता खात्यातून थेट जातात. त्यासाठी पंपवाल्याने बँकेकडून कॅश क्रेडिट घेतलेलं असतं. विक्री झाली नाही तरी व्याज चालू, पोरांचा पगार चालू, विजेचं बिल चालू. आणि त्याला लिटरमागे मिळतं किती? दिल्लीचा जून २०२४ मधला हिशेब बघा. पेट्रोल ९४ रुपये ७२ पैसे. त्यात वाहतुकीसकट मूळ किंमत ५५ रुपये ६६ पैसे, केंद्राचं उत्पादन शुल्क १९ रुपये ९० पैसे, राज्याचा व्हॅट १५ रुपये ३९ पैसे, आणि पंपवाल्याचं कमिशन सरासरी ३ रुपये ७७ पैसे. म्हणजे ज्याच्या दारात आपण बहिष्कार टाकणार, त्याच्या हातात शंभरातले चार रुपये. दोन्ही सरकारांच्या हातात मिळून सदतीसच्या आसपास.

"एकाच कंपनीचं पेट्रोल घेऊ नका, मग ती भाव उतरवेल" असाही एक सल्ला फिरतो. आपल्याकडच्या बहुतेक पंपांवर इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम या तीन सरकारी कंपन्यांचीच पाटी. त्या एकमेकींच्या डेपोतून माल उचलतात, भावही जवळपास एकच. एकीला सोडून दुसरीकडे गेलो तरी पैसा शेवटी त्याच पेटीत.

हा प्रयोग दुसरीकडेही होऊन गेला आहे. १९९९ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत असाच एक निरोप ईमेलने देशभर फिरला होता, एक दिवस पेट्रोल घेऊ नका म्हणून. दिवस गेला, भाव काही उतरला नाही. आपल्याकडे तर ३१ मे २०२२ ला खुद्द पंपवाल्यांनीच बहिष्कार टाकला. महाराष्ट्र, कर्नाटकासह चोवीस राज्यांतल्या संघटनांनी ठरवलं की त्या दिवशी कंपन्यांकडून माल उचलायचा नाही. मागणी होती २०१७ पासून न वाढलेल्या कमिशनची. ते कमिशन वाढलं २०२४ च्या ऑक्टोबरअखेर. जे रोज हजारो लिटर घेतात त्यांच्या एका दिवसाने हे झालं, तर आपल्या दोन लिटरने काय होणार?

आता कोणी म्हणेल, काका, तुम्ही बहिष्काराला नावं ठेवता, मग टिळकांनी आणि गांधीजींनी काय केलं? प्रश्न रास्त आहे. म्हणून थोडं मागे जाऊ.

१९०५ मध्ये बंगालची फाळणी झाली आणि पुण्यात परदेशी कपड्यांची होळी पेटली. तो बहिष्कार एक दिवसाचा नव्हता, वर्षानुवर्षं चालला. आणि त्याच्या जोडीला पर्याय उभे राहिले. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर एकेक पैसा गोळा करून पैसा फंड काढला, त्यातून तळेगावला १९०८ मध्ये काच कारखाना सुरू झाला. मँचेस्टरचं कापड टाकलं तर हातमागाचं, देशी गिरणीचं कापड होतं. १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत काळबादेवीला बाबू गेनू परदेशी कापडाच्या लॉरीपुढे आडवा झाला आणि चिरडला गेला. गिरणीत काम करणारा साधा माणूस. त्याने जीव दिला तो कापड चार आण्यांनी स्वस्त व्हावं म्हणून नव्हे. त्या बहिष्काराचं उद्दिष्ट भाव नव्हतंच. तो माल नको आणि ते राज्य नको, अशी ती गोष्ट होती.

आणि त्याही काळात एक वस्तू बहिष्कारातून सुटली, ती म्हणजे घासलेट. आपल्या जुन्या घरांत ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील असायचा, काहींच्या माळ्यावर अजून असेल. कऱ्हाडजवळच्या ओगल्यांनी काच देशी केली, कंदील देशी केला, लोकांनी अभिमानाने घेतला. पण आत काय जळायचं? बर्मा-शेलसारख्या विलायती कंपन्यांचं रॉकेल. कापडाला चरखा होता, काचेला तळेगाव आणि ओगलेवाडी होती, रॉकेलला काहीच नव्हतं. दिवा तर लावायला हवा. पर्याय असेल तिथेच बहिष्कार टिकतो, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी कंदिलाच्या उजेडात पाहिलेलं आहे.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. बिदर तेव्हा निजामाच्या राज्यात. ब्रिटिश मुलखातून माल आला की निजाम सरकार नाक्यावर जकात घेई, तिला करोडगिरी म्हणत. सोलापूरकडून येणारा कापडाचा गठ्ठा असो की साखरेचं पोतं, नाक्यावर थांबलंच पाहिजे. दुसरं मोठं उत्पन्न होतं शिंदी-ताडीवरच्या अबकारीचं. आणि शेतकऱ्याच्या डोक्यावर धान्याची लेव्ही.

७ ऑगस्ट १९४७ ला स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली हैदराबाद स्टेट काँग्रेसने भारतात सामील होण्यासाठी लढा पुकारला. विद्यार्थ्यांनी शाळा-कॉलेजं सोडली, वकिलांनी कोर्टं सोडली. पण सरकारला खरी झोंबली ती वेगळी गोष्ट. कार्यकर्त्यांनी शिंदीची झाडं तोडली, करोडगिरीचे नाके उद्ध्वस्त केले, लेव्ही द्यायला नकार दिला. नीट बघा, मंडळी. त्यांनी दुकानदाराच्या मालावर बहिष्कार टाकला नाही. सरकारचा पैसा जिथून येतो, त्या जागेवर बोट ठेवलं. आमच्या लहानपणी घरातली मोठी माणसं हे किस्से सांगत, तेव्हा गंमत वाटायची. पुढे बँकेत बसल्यावर त्यातला हिशेब कळला.

त्याच काळात आपल्या भागाने पेट्रोलचा तुटवडाही पाहिला. १९४७ च्या नोव्हेंबरात जैसे थे करार झाला, पण संबंध बिघडत गेले आणि १९४८ मध्ये भारताकडून हैदराबादेत येणारा माल अडू लागला. पेट्रोल, औषधं, यंत्रांचे सुटे भाग. सोसलं सामान्य माणसाने. निजाम मात्र त्याने वाकला नाही. उलट सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्री विमानं भरून शस्त्रं आणत होता, आणि ती विमानं आपल्या बिदरच्या धावपट्टीवरही उतरत होती. शेवटी १३ ते १७ सप्टेंबर १९४८ ची पोलीस ॲक्शन झाली तेव्हा प्रश्न सुटला. भारत सरकारसारख्या ताकदीने माल रोखूनही जे साधलं नाही, ते एका दिवसाच्या निरोपाने साधेल असं मानणं जरा जास्तच होतं.

मग आला १ नोव्हेंबर १९५६. भाषावार प्रांतरचनेत जुना बिदर जिल्हा तीन ठिकाणी वाटला गेला. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आणि १९८२ पासून लातूर जिल्ह्यात. जहीराबाद, नारायणखेड आंध्रात, आता तेलंगणात. आपल्या सोयरिकी मात्र वाटल्या गेल्या नाहीत. लेक उदगीरला, सून जहीराबादची, शेत औरादला, असं आजही चालतं. निजामाचे नाके गेले, पण एका जिल्ह्याच्या जागी तीन सरकारं आली, आणि तीन सरकारं म्हणजे तीन कर. त्याचं फळ आज पंपावर दिसतं. त्याकडे पुढे येतोच.

त्याआधी महागाईविरुद्धची एक लढाई आठवली पाहिजे, कारण ती जिंकण्याच्या बऱ्याच जवळ गेली होती. १९७२ चा दुष्काळ आपल्यापैकी ज्येष्ठांना विसरता येणार नाही. धान्य नाही, तेल नाही, रॉकेलला रांगा. त्या वर्षी मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते आणि त्यांच्या सहकारी बायकांनी महागाई प्रतिकार समिती उभी केली. समाजवादी आणि कम्युनिस्ट एका व्यासपीठावर आल्या. हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, थाळ्या वाजवल्या, मंत्र्यांना घेराव घातले. त्यांनी "आम्ही साखर खाणार नाही" असं म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, रेशनवर साखर, तेल, रॉकेल आणून दाखवा, आणि साठेबाजांची गोदामं उघडा. मागणी नेमकी, ज्याच्या हातात ते आहे त्याच्याच दारात, आणि एक दिवस नाही तर आणीबाणी येईपर्यंत जवळजवळ तीन वर्षं.

त्याच सुमारास, १९७३ च्या अखेरीस अरब देशांनी तेलाचा भाव तीन डॉलरवरून काही महिन्यांत अकराच्या वर नेला. आपल्याकडेही पेट्रोल एकदम महागलं, आणि १२ नोव्हेंबर १९७३ ला अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले. फोटो गाजला, भाव तसाच राहिला. १९७४ मध्ये एस्सो आणि १९७६ मध्ये बर्मा-शेल व कॅल्टेक्स या कंपन्या सरकारने ताब्यात घेतल्या. आता विकणारं सरकार, भाव ठरवणारं सरकार आणि कर घेणारंही सरकारच.

१९७४-७५ मध्ये बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, पुढे मुंबई ग्राहक पंचायत झाली. शेजारपाजारच्या घरांचे गट करायचे, महिन्याचं सामान एकत्र मोठ्या प्रमाणावर घ्यायचं, मधली दलाली वाचवायची. हे काम आजही चालू आहे. ग्राहकाची ताकद कशी वापरावी याचं मराठी माणसाने घालून दिलेलं उत्तम उदाहरण म्हणजे हे. मग पेट्रोलचा असा गट का नाही निघत? कारण डाळ-तांदळात घाऊक आणि किरकोळ भावात अंतर असतं, तिथे घासाघीस चालते. पेट्रोलात ते अंतर पंपवाल्याच्या चार रुपयांएवढंच. बाकीचा भाव कच्च्या तेलाचा, नाहीतर कराचा. कच्च्या तेलाशी घासाघीस करता येत नाही, कारण शंभरातलं पंच्याऐंशीच्या वर आपण बाहेरून आणतो. राहिला कर.

आता जवळच्या काळात या. २६ जून २०१० पासून पेट्रोलचा आणि १९ ऑक्टोबर २०१४ पासून डिझेलचा भाव कंपन्यांवर सोपवला. १६ जून २०१७ पासून रोज सकाळी भाव बदलू लागला. कागदोपत्री सरकारचा हात सुटला. पण २०१८ साली कर्नाटकात काय झालं ते आठवा. १२ मे ला विधानसभेचं मतदान होतं. रोज बदलणारा भाव २४ एप्रिलपासून एकदम गप्प झाला. कच्चं तेल चढत होतं, तरी एकोणीस दिवस एक पैसाही हलला नाही. मतदान झालं आणि १४ मे ला भाव पुन्हा चालू लागला. कुठलाही बहिष्कार नाही, कुठला निरोप नाही. आपलं मत अजून पेटीत पडायचं होतं, एवढंच कारण.

पुढची गोष्ट तर आपल्याच दारातली. जुलै २०१८ च्या अर्थसंकल्पात मुख्यमंत्री कुमारस्वामींनी शेतकऱ्यांची कर्जमाफी जाहीर केली आणि पेट्रोलवरचा कर ३० टक्क्यांवरून ३२ टक्के केला. कर्जमाफीची कागदपत्रं बँकेत किती येतात हे आम्हाला ठाऊक, पण तिचे पैसे थोडे पंपावरूनही येतात हे फार थोड्यांच्या लक्षात आलं. सप्टेंबरात भाव आभाळाला भिडले. परभणीत पेट्रोल नव्वदच्या घरात गेलं, कारण तिथे टँकर थेट मनमाडच्या डेपोतून यायचा. १० सप्टेंबरला विरोधी पक्षांचा भारत बंद झाला. आणि १७ सप्टेंबरला, हैदराबाद-कर्नाटक मुक्तिदिनाला, कलबुर्गीत आलेल्या कुमारस्वामींनी पेट्रोल-डिझेल दोन रुपयांनी कमी केल्याचं जाहीर केलं. ४ ऑक्टोबरला केंद्राने अडीच रुपये उतरवले, महाराष्ट्रानेही पेट्रोलवर तेवढेच. लोकसभा निवडणूक तोंडावर होती. पण जानेवारी २०१९ मध्ये, कच्चं तेल उतरल्यावर, कर्नाटकाने तो कर पुन्हा ३२ टक्क्यांवर नेला. उतरलेला भाव टिकवायचा असेल तर पहारा चालू ठेवावा लागतो, हा त्यातला धडा.

२०२१ मध्ये आपल्या बसवकल्याणची पोटनिवडणूक १७ एप्रिलला झाली. देशात बंगाल, तमिळनाडूच्या निवडणुका चालू होत्या. तेव्हाही वाढ थांबली होती. २ मे ला निकाल, ४ मे पासून वाढ सुरू. ४ नोव्हेंबर २०२१ नंतर भाव १३७ दिवस थांबले आणि उत्तर प्रदेशचा निकाल लागल्यावर २२ मार्च २०२२ ला हलले. हे मी कोणा एका पक्षाला उद्देशून लिहीत नाही. तारखा सगळ्यांच्या सारख्याच बोलतात.

आता बहिष्काराच्या बाजूने बोलणाऱ्यांसाठी सर्वांत मोठा पुरावा. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदी होती. म्हणजे साऱ्या देशाने, नाइलाजाने का होईना, महिनाभर पेट्रोलवर बहिष्कारच टाकला होता. त्या महिन्यात देशातला पेट्रोलचा खप आदल्या वर्षापेक्षा साठ टक्क्यांनी पडला. कच्चं तेल पिंपाला वीस डॉलरच्या आसपास आलं. याहून मोठा बहिष्कार कोणी घडवून आणू शकेल का? मग भाव उतरला का? नाही. मार्चमध्ये केंद्राने शुल्क तीन रुपयांनी आणि ६ मे ला पेट्रोलवर आणखी दहा, डिझेलवर तेरा रुपयांनी वाढवलं. पेट्रोलवरचं केंद्राचं शुल्क लिटरला ३२ रुपये ९८ पैसे झालं. उतरायचा होता तो भाव करात शोषला गेला. आणि ७ जूनपासून पंपावरचा भाव रोज वाढू लागला. खप पडला की सरकारचं उत्पन्न पडतं, आणि उत्पन्न पडलं की उरलेल्या लिटरवरचा कर वाढतो. बहिष्काराचा निरोप लिहिणाऱ्याने हे गणित केलेलं नसतं.

आणि आता आपली सीमा. ४ नोव्हेंबर २०२१ ला केंद्राने पाच रुपये कमी केले तेव्हा कर्नाटकाने स्वतःचे सात रुपये आणखी उतरवले. महाराष्ट्राने आणि तेलंगणाने तेव्हा काही उतरवलं नाही. बंगळूरुत १०० रुपये ५८ पैसे, मुंबईत १०९ रुपये ९८ पैसे, हैदराबादेत १०८ रुपये २० पैसे. ही राजधान्यांची आकडेवारी, पण सीमेवर ती डोळ्यांनी दिसली. उदगीर-देगलूरकडची आणि जहीराबादकडची वाहनं आपल्या बाजूच्या पंपांवर रांगा लावू लागली. लिटरमागे आठ-नऊ रुपये वाचत असतील तर कोण सोडेल? ट्रकवाला तर टाकी काठोकाठ भरूनच पुढे जायचा.

हा खरा, चालू राहणारा, पर्याय असलेला बहिष्कार होता. कोणी पुकारला नाही, कोणी निरोप पाठवला नाही. मग पलीकडचा भाव उतरला का? लगेच नाही. पलीकडचे पंपवाले ओरडले, त्यांचा धंदा बसला. महाराष्ट्राने पेट्रोलवरचे पाच रुपये कमी केले ते जुलै २०२२ मध्ये, सरकार बदलल्यावर. आणि इकडे उलटंच झालं. १५ जून २०२४ ला, लोकसभेचे निकाल लागून दहा-अकरा दिवस झाले नाहीत तोच, कर्नाटकाने पेट्रोलवरचा कर २५.९२ टक्क्यांवरून २९.८४ टक्के केला. भाव तीन रुपयांनी चढला. सरकारचं म्हणणं होतं की वाढ धरूनही शेजारच्या राज्यांपेक्षा आपल्याकडे कमीच आहे. बंगळूरु-मुंबईतला फरक ४ रुपये ३७ पैशांवरून १ रुपया ३५ पैशांवर आला. म्हणजे शेजाऱ्याचा भाव हा आपल्या सरकारसाठी कुंपणासारखा आहे. कुंपणापर्यंत जायला ते मोकळं, पलीकडे जायला कचरतं, कारण मग आपली वाहनं तिकडे वळतील. सीमेवरच्या ग्राहकाची ताकद एवढीच. भाव पाडण्याची नाही, पण फार वर जाऊ न देण्याची आहे. तीही कमी नाही.

तर मंडळी, ताळेबंद असा. न घेतल्याने पेट्रोलचा भाव उतरत नाही. उतरतो तेव्हा एकतर जगात कच्चं तेल उतरलेलं असतं आणि सरकारने मधल्या मध्ये कर वाढवलेला नसतो, नाहीतर मताची भीती असते. म्हणून ताकद लावायची तर ती पंपावर नाही, करावर लावली पाहिजे. करोडगिरीच्या नाक्यांवर गेलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना हे न शिकवता कळलं होतं. आज नाके फोडायची गरज नाही, लोकशाही आहे. आमदार, खासदार मतं मागायला येतात तेव्हा दोनच प्रश्न विचारा. पेट्रोलवर तुमच्या सरकारचा कर लिटरमागे किती रुपये आहे? आणि कच्चं तेल उतरलं तर तो फायदा आम्हाला किती दिवसांत मिळेल? उत्तर आकड्यांत मागा, भाषणात नको.

तिसरा प्रश्न जीएसटीचा. २०१७ पासून मसाल्यापासून मोटारीपर्यंत बहुतेक सगळं जीएसटीत आलं, पेट्रोल-डिझेल बाहेर राहिलं. १७ सप्टेंबर २०२१ ला लखनौच्या बैठकीत विषय निघाला आणि आता ती वेळ नाही म्हणून बाजूला ठेवला गेला. कुठल्याच पक्षाच्या राज्य सरकारला हे उत्पन्न सोडवत नाही, हेही समजून घेतलं पाहिजे. त्याच पैशातून रस्ते होतात, कर्जमाफी होते, बायकांचा बसप्रवास फुकट होतो. कर शून्य करा असं म्हणण्यात अर्थ नाही. किती आणि कशासाठी, हे मात्र विचारायचा आपला हक्क आहे.

आणि ज्यांना बहिष्कारच टाकायचा आहे त्यांनी ओगल्यांचा कंदील आठवावा. पर्याय उभा करा, मग बहिष्कार टिकेल. बिदरला एकाच कामाला चार घरांच्या चार गाड्या जात असतील तर एक न्या. बसने जमतं तिथे बसने जा. नातवंडं विजेची स्कूटर मागत असतील तर नुसतं नाक न मुरडता तिचा हप्ता आणि पेट्रोलचा खर्च कागदावर मांडून बघा. वर्षभर महिन्याला पाच लिटर कमी लागलं तर साठ लिटर वाचतात, सहा हजार रुपये झाले. एका दिवसाच्या बहिष्काराने वाचतात शून्य.

तेव्हा पुढच्या वेळी तो निरोप आला की पाठवणाऱ्याला रागावू नका, तो आपलाच आहे. त्याला त्या दिवशीचा केंद्राचा आणि राज्याचा कर किती, एवढा आकडा परत पाठवा.

आणि एक विनंती. १९४८ मधला पेट्रोल-रॉकेलचा तुटवडा, करोडगिरीचे नाके, १९७२ च्या रांगा यांच्या गोष्टी ज्यांच्या घरात सांगितल्या जात, त्यांनी खाली जरूर लिहा. ती माणसं आता थोडी राहिली आहेत. त्यांच्याकडून ऐकून ठेवायचं काम आपलं.